मुरमाड माळावर अंजन लावताना

अंजनाचं झाड लावलेल्यांची दुसऱ्या वर्षीची तक्रार ठरलेली असते. सोबत लावलेला कडुनिंब डोक्याएवढा झाला, हा मात्र अजून वीतभरच. तक्रार खरी असते आणि झाडही बहुतेक वेळा ठणठणीत असतं. अंजन आधी खाली वाढतो. पहिली दोन-तीन वर्षं त्याची सगळी कमाई सोटमुळात जाते. मूळ मुरमातून, खडकाच्या भेगेतून खालच्या ओलीपर्यंत पोचलं की मग शेंडा हलायला लागतो. बी कधी टाकायचं, खड्डा कसा घ्यायचा, पाणी किती द्यायचं, कुठलंही ठरवताना मुळाला काय सोयीचं ते आधी बघावं. वरचं खोड बघून ठरवणारे इथे हमखास फसतात.

झाड नेमकं कोणतं

शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. हे दख्खनच्या कोरड्या पट्ट्यातलं अस्सल देशी झाड. महाराष्ट्रात खानदेशात सातपुड्याच्या पायथ्याला, बुलढाणा-अकोल्याकडच्या टेकड्यांवर त्याची जंगलं आहेत. पुढे मध्य प्रदेश, कर्नाटक, तेलंगण, आंध्र आणि तमिळनाडूतही ते आढळतं. वर्षाला ५०० ते ९०० मिलिमीटर पाऊस त्याला पुरतो, त्याहून कमीतही तग धरतं.

ओळख पानावरून पटवावी. प्रत्येक पान म्हणजे मूत्रपिंडाच्या आकाराच्या दोन पर्णिका, देठाच्या टोकाला समोरासमोर जोडलेल्या, आणि दोघींच्या मध्ये एक बारीक, केसासारखं टोक. आपट्याचं पान दुरून तसं वाटतं, पण ते एकच पान असतं आणि फक्त वरून चिरलेलं असतं. अंजनाच्या पर्णिका बुडापर्यंत वेगळ्या असतात. झाडाच्या बारीक फांद्या खाली झुकलेल्या, कोवळ्या झाडाची साल पांढुरकी, जुन्याची काळपट आणि उभ्या भेगांची.

रोपवाटिकेत नाव सांगून रोप आणणार असाल तर एवढी ओळख लागतेच, कारण कोकण आणि घाटातली अंजनी (निळ्या-जांभळ्या फुलांच्या गुच्छांची, साध्या, न विभागलेल्या जाड पानांची) हे वेगळं झाड आहे आणि त्याला पाऊस भरपूर लागतो. अंजन म्हणून अंजनी गळ्यात पडली तर माळावर पहिल्याच उन्हाळ्यात ती जाते. अंजन गवत हे तिसरंच प्रकरण, चाऱ्याचं गवत. बी मागताना झाडाचं हवं की गवताचं हे स्पष्ट सांगा.

जागा: कुठे लावायचा नाही ते आधी

खोल काळ्या, चिकण जमिनीत अंजन लावू नका. अशी माती पावसाळ्यात पाणी धरून बसते आणि उन्हाळ्यात भेगाळते. पहिल्याने मूळ कुजतं, दुसऱ्याने तुटतं. तिथे बाभूळ लावा, ती खूश राहील. अंजनाला हवी मुरमाड, बरड, दगडगोट्यांची, उताराची जमीन. खाली खडक असला तरी चालतो, फक्त त्याला भेगा हव्यात. अखंड कातळावर वितभर मातीचा थर असेल तर तिथे कोणतंच मोठं झाड टिकणार नाही आणि अंजनही त्याला अपवाद नाही.

शंका असेल तर निचरा तपासा. ३० × ३० × ३० सेंटिमीटरचा खड्डा घ्या, पाण्याने काठोकाठ भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा. एवढ्या खड्ड्यात साधारण २७ लिटर पाणी मावतं. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही साचलेलं दिसलं तर ती जागा सोडा. दोन-चार तासांत गेलं तर उत्तम.

ऊन दिवसभर हवं. मोठ्या झाडाच्या सावलीत अंजन नुसता जिवंत राहतो, वाढत नाही. घराच्या भिंतीपासून निदान पाच-सहा मीटर अंतर ठेवा आणि वर विजेच्या तारा आहेत का ते आजच बघा. हे झाड पुढे २० मीटरच्या वर जाऊ शकतं.

बी

शेंगा एप्रिल-मेमध्ये पिकतात. चपटी, पट्टीसारखी, पाच ते सात सेंटिमीटर लांब, कागदासारखी हलकी शेंग आणि तिच्या एका टोकाला एकच बी. वाऱ्यावर ती लांब उडते, म्हणून उन्हाळी वावटळ सुटण्याआधी गोळा करावी. झाडाखाली जुनी चादर किंवा ताडपत्री अंथरा आणि फांद्या काठीने हलवा. तपकिरी, वाळलेल्या शेंगाच घ्या. जमिनीवर आधीच पडलेल्यांत किडकं बी जास्त निघतं. टोकाशी टाचणीएवढं भोक दिसलं की ती शेंग फेकून द्या.

एकाच झाडाचं बी नको. एकमेकांपासून दूर असलेल्या दहा-बारा झाडांवरून थोडं थोडं घ्या, म्हणजे सगळी रोपं एकाच वंशाची होणार नाहीत. अभयारण्यातून किंवा राखीव जंगलातून परवानगीशिवाय बी आणता येत नाही. शेताच्या बांधावरची, गावाशेजारची झाडं शोधा, नाहीतर वन विभागाकडे विचारा.

नवख्याला माहीत नसणारी गोष्ट म्हणजे अंजन दर वर्षी भरून येत नाही. चांगल्या बियांचं वर्ष तीन ते पाच वर्षांतून एकदा येतं. मधल्या वर्षी झाडावर शेंगा तुरळक असतात आणि त्यातही पोकळ जास्त. बी टिकतं साधारण वर्षभर, म्हणजे "या वर्षी भरपूर आहे, साठवून ठेवू आणि तीन वर्षं वापरू" हा बेत चालत नाही. चांगलं वर्ष आलं की त्याच पावसाळ्यात शक्य तेवढं पेरून घ्यावं. तोवर बी सावलीत दोन-तीन दिवस वाळवून, कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्यासोबत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

पेरण्याआधी उगवण बघा. शेंगेचा पंखासारखा भाग कात्रीने कापून फक्त बियाचं टोक ठेवा. अशी २० टोकं रात्रभर पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळा, गोणपाट सावलीत ओलसर ठेवा. दोन आठवड्यांत १४-१५ बियांना मोड आले तर बी चांगलं. १० पेक्षा कमी आले तर प्रत्येक जागी टाकायच्या बियांची संख्या दुप्पट करा.

थेट पेरणी की पिशवीतलं रोप?

माळावर, डोंगरउतारावर, पाणी नेता येत नाही अशा ठिकाणी थेट पेरणीच करावी. अंजनाच्या मुळीला पिशवी मानवत नाही. वर चार पानं असतात तेव्हा खाली मुळी पिशवीच्या तळाला टेकलेली असते, आणि तिथून ती गोल फिरायला लागते. हे वेटोळं जमिनीत गेल्यावर सुटत नाही. रोप दोन वर्षं हिरवं दिसतं आणि एका कडक उन्हाळ्यात वाळतं. मग दोष उन्हाला दिला जातो. रोपवाटिकेतलं तीन-साडेतीन फूट उंचीचं, छोट्या पिशवीतलं देखणं रोप हा सर्वांत वाईट सौदा आहे. तेवढ्याच पैशात दोन महिन्यांचं बुटकं रोप मिळत असेल तर डोळे झाकून तेच घ्या.

घराजवळ, शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला मोजकीच पाच-दहा झाडं लावायची असतील आणि उन्हाळ्यात पाणी देणारं कुणी असेल, तर रोप चालतं. त्याची कृती पुढे येईल.

जमीन तयार करणं: एप्रिल-मे

ओळीत लावायचं असेल तर दोन झाडांत पाच-सहा मीटर अंतर. चौकोनी पट्ट्यात ५ × ५ मीटरवर लावलं तर एकरी १६० जागा होतात. प्रत्येक जागी तीन बिया धरल्या तर ४८० शेंगा लागतील. किलोभर शेंगांत साधारण चार हजार भरतात, तेव्हा पाव किलो बी एकराला पुरून उरतं. पोतंभर गोळा करत बसू नका.

उतारावर आधी पाण्याची सोय. समतल रेषा आखायला दोन मीटरच्या दोन काठ्या वर बांधून, मध्ये आडवी काठी ठोकून ए-फ्रेम करा आणि टोकाला दगड बांधलेली दोरी सोडा. सपाट जागी दोरी आडव्या काठीला जिथे लागते तिथे खूण करा. काठ्यांची जागा अदलाबदल करून पुन्हा खूण करा आणि दोन्हींच्या मधोमध पक्की रेघ ओढा. उतारावर दोरी त्या रेघेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत आहेत असं समजा. पायांच्या या जागा जोडत गेलं की समतल रेषा मिळते. तिच्यावर ६० सेंटिमीटर रुंद, ३० ते ४५ सेंटिमीटर खोल चर घ्या आणि निघालेला मुरूम खालच्या बाजूला लांबट बांध करून टाका.

अंजन चरात पेरायचा नाही. चरात पाणी आणि गाळ साचतो, कोवळं रोप बुडून कुजतं. जागा बांधावर, चराकडच्या कुशीत. तिथे माती भुसभुशीत असते आणि चरात मुरलेली ओल मुळीला खालून मिळते.

चर शक्य नसेल तर प्रत्येक जागेसाठी चंद्रकोरी आळं करा. व्यास दोन मीटर, तोंड चढाकडे, खालच्या बाजूला २० सेंटिमीटर उंचीची वरवंडी. पेरणीची जागा वरवंडीच्या आतल्या पायथ्यापासून जरा वर.

आता खड्डा. ४५ × ४५ × ४५ सेंटिमीटर पुरतो. रुंदीपेक्षा महत्त्वाचं काम नंतरचं. खड्ड्याच्या तळाच्या मधोमध पहार ठोकून आणखी ३० सेंटिमीटर खोल भोक पाडायचं आणि पहार गोल फिरवून ते मोकळं करायचं. ही मुळीची वाट. पहार जिथे घणासारखी वाजते आणि आत जातच नाही, तिथे अर्धा मीटर बाजूला सरकून पुन्हा ठोका. बहुतेक वेळा भेग सापडते.

खड्डे पंधरा-वीस दिवस उन्हात तापू द्या, मग भरा. भरताना सर्रास होणारी चूक म्हणजे बाहेरून ट्रॉलीने काळी माती आणून टाकणं. मुरमाच्या खड्ड्यात काळी माती म्हणजे जमिनीत पुरलेली कुंडी. पाऊस पडला की पाणी तिथेच साचतं, आणि मुळी मऊ माती सोडून कडक मुरमात शिरायचं टाळते. निघालेलाच मुरूम चाळून, मोठे दगड बाजूला काढून, त्यात दोन घमेली पूर्ण कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. अर्धं कुजलेलं खत घालू नका, त्याने वाळवी येते. रासायनिक खत पहिल्या वर्षी नकोच. बाजूला काढलेले चपटे दगड फेकू नका, पुढे लागणार आहेत.

पेरणी

पहिल्या सरीला भुलायचं नाही. वळवाच्या पावसाने वरची चार बोटं माती ओली होते, बी फुगतं, मोड येतो आणि पुढचे दहा दिवस ऊन पडलं की मोड वाळतो. मान्सून स्थिरावून ६०-७५ मिलिमीटर पाऊस झाला, खड्ड्यात हात घातल्यावर कोपराएवढ्या खोलीपर्यंत ओल लागली, की पेरा. कोरड्या भागात ही वेळ साधारण जूनच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत येते. त्यानंतर उशीर केला तर मुळीला खोल जायला पावसाळा पुरत नाही.

आदल्या संध्याकाळी पंख कापलेलं बी साध्या पाण्यात भिजत घाला. १२ ते २४ तास बस्स. उकळतं पाणी, आम्ल, घासणं यातलं काही लागत नाही. त्या युक्त्या बाभूळ-सुबाभळीसारख्या टणक सालीच्या बियांसाठी आहेत, अंजनाचं बी त्याने मरतं.

पहारीने पाडलेल्या वाटेच्या बरोबर वर, एकमेकांपासून १०-१५ सेंटिमीटर अंतरावर तीन बिया त्रिकोणात टाका. खोली दीड ते दोन सेंटिमीटर, बोटाच्या पहिल्या पेराहून कमीच. बी आडवं ठेवा, माती हलकी दाबा. वर पातळ गवत पसरलं तर जोराच्या सरीने बी उघडं पडत नाही, पण थर जाड झाला तर मोड त्यात अडकतो. जागेजवळ एक खुंटी ठोका. तणात वीतभर रोप शोधणं किती अवघड असतं ते ऑगस्टमध्ये कळेल.

आठवड्या-दोन आठवड्यांत दोन जाड, मांसल बीजपत्रं वर येतात. मुंग्या, उंदीर आणि खारी यांचा डोळा त्यावरच असतो. उंदरांचा त्रास माहीत असेल तर प्रत्येक जागेवर काटेरी फांदीचा तुकडा उपडा टाका. महिनाभराने रिकाम्या जागा दिसल्या तर राखून ठेवलेलं बी त्याच पावसात पुन्हा पेरा, पुढच्या वर्षावर ढकलू नका.

रोप लावायचं असेल तर

पिशवी निदान ३० सेंटिमीटर उंच हवी. रुंदी १२-१५ सेंटिमीटर पुरते. बाजारात मिळणारी नेहमीची आखूड पिशवी या कामाची नाही. ती नसेल तर चार इंची पीव्हीसी पाइपचे फूट-दीड फुटाचे तुकडे उभे चिरून, तारेने बांधून वापरता येतात. दोन भाग लाल माती, एक भाग जाड वाळू, एक भाग चाळलेलं शेणखत.

पिशव्या जमिनीवर मांडू नका, नाहीतर मुळी तळाच्या भोकातून जमिनीत शिरते आणि उचलताना तुटते. विटांवर जाळी टाकून तिच्यावर ठेवा. खाली हवा खेळली की मुळीचं टोक तिथेच सुकतं आणि बाजूला बारीक मुळ्या फुटतात. बी मेच्या पहिल्या पंधरवड्यात टाका, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत रोप आठ-दहा आठवड्यांचं होईल. त्याहून मोठं होऊ देण्यात फायदा नाही. पाणी दिवसातून एकदाच, हलकं. सतत चिखल राहिला तर रोपं बुंध्याशी सडून कोलमडतात.

लावताना पिशवी आदल्या दिवशी भिजवा. ब्लेडने तळाचे दोन सेंटिमीटर मातीसकट कापून टाका, म्हणजे वेटोळं असेल तर ते तिथेच संपतं. मग पिशवीसकट रोप खड्ड्यात उतरवा, बाजूने उभी चीर द्या आणि पिशवी हळूच वर ओढून काढा. रोप खोडाला धरून उचलायचं नाही. मातीचा गड्डा फुटला की सोटमूळ तुटलं असं समजा, आणि तुटलेल्या सोटमुळाचा अंजन क्वचितच सावरतो. पिशवीतली मातीची पातळी आणि जमिनीची पातळी एक ठेवा. बुंध्यावर माती चढवू नका.

पहिला पावसाळा: गवत हाच शत्रू

रोप उगवून आलं की माणूस निवांत होतो आणि इथेच बरीच लागवड हातची जाते. माळावरचं गवत ऑगस्टमध्ये गुडघाभर होतं, अंजनाचं रोप चार बोटं असतं. त्याला ऊन मिळत नाही आणि वरच्या थरातली ओल गवत पिऊन टाकतं. प्रत्येक रोपाभोवती अर्ध्या मीटर त्रिज्येचं वर्तुळ पूर्ण साफ ठेवा. दोन वेळा, ऑगस्टच्या सुरुवातीला आणि सप्टेंबरअखेर. रोपाजवळचं गवत कुदळीने न खणता हाताने उपटा किंवा विळ्याने बुडातून कापा. वर्तुळाबाहेरचं गवत राहू दे, ते माती धरतं आणि चाराही देतं. अंजन आणि गवत एकाच जमिनीत घेता येतात, झाशीची भारतीय चराऊ कुरण व चारा संशोधन संस्था आणि जोधपूरची काझरी (केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्था) यांनी तसे प्रयोग केले आहेत. पण पहिली दोन वर्षं रोपाला आपलं वर्तुळ हवंच.

जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने पंधरा दिवसांहून मोठा खंड दिला तर शक्य तिथे प्रत्येक जागी लिटर-दोन लिटर पाणी एकदा द्या. पावसाळ्यात झाडाला पाणी घालणं विचित्र वाटेल, पण तेव्हा मुळी अजून वरच्या फूटभर मातीतच असते आणि खंडात हाच थर आधी वाळतो.

सप्टेंबरअखेरच्या खुरपणीनंतर ते चपटे दगड कामाला येतात. बुंध्यापासून चार बोटं जागा सोडून वर्तुळभर दगड फरशीसारखे बसवा. बाष्पीभवन कमी होतं, तण दबतं, वाळवीला खायला काही नसतं आणि वणवा आला तरी ते पेटत नाहीत. पाचट किंवा वाळलेल्या गवताचं आच्छादन बागेत ठीक, माळावर ते वाळवीला आणि आगीला आमंत्रण देतं.

पहिला उन्हाळा: मेलं असं कधी म्हणायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये मोठ्या अंजनाचीही पानं काही काळ गळतात, नवी पालवी एप्रिलच्या सुमारास येते. थेट पेरलेली रोपं याहून पुढे जातात. त्यांचा अख्खा शेंडा जमिनीपर्यंत वाळतो. काडी मोडून बघितली तर आतून कोरडी, तपकिरी. नवखा माणूस ती उपटतो आणि दोन-तीन फूट खोल जिवंत मूळ घेऊन बसलेलं झाड स्वतःच्या हाताने मारतो.

वाळलेल्या काडीला हात लावू नका. फारच शंका असेल तर बुंध्यापासून दोन बोटांवर माती बाजूला सारून मुळाची साल नखाने किंचित खरवडा. आत पांढुरकं, ओलसर दिसलं तर जिवंत आहे, माती परत लोटा. तपकिरी आणि भुसभुशीत असेल तर गेलं. तरीही अंतिम निकाल दुसऱ्या पावसाळ्यात जुलैअखेर लावा, कारण बुंध्यातून नवा कोंब पाऊस सुरू झाल्यावर फुटतो. जंगलात उगवलेला अंजन असा काही वर्षं मरतो-फुटतो आणि प्रत्येक वर्षी मूळ जाड करतो. म्हणून जुन्या बुंध्यावर दोन-तीन कोंब आले तर सगळ्यांत सरळ आणि जोमदार तेवढा ठेवून बाकीचे कापा.

लावलेल्या रोपांना पाणी द्यायचं असेल तर थोडं आणि रोज देणं सर्वांत घातक. वरचा थर ओला राहिला की मुळी खाली जायचं कारणच संपतं आणि झाड कायमचं पाण्यावर अवलंबून राहतं. फेब्रुवारीपासून पावसापर्यंत दर १२-१५ दिवसांनी आठ-दहा लिटर एकदम द्या, तेही खोलवर. दोन इंची पाइपचा ४५ सेंटिमीटरचा तुकडा, खालच्या अर्ध्या भागाला भोकं पाडून, बुंध्यापासून २०-२५ सेंटिमीटरवर उभा पुरा आणि पाणी त्यातून सोडा. हा पाइप खड्डा भरतानाच बसवावा, नंतर खणायला गेलात तर मुळाला लागेल. पाइपच्या तोंडावर दगड ठेवा, नाहीतर सरडे आणि पिल्लं आत पडतात. दुसऱ्या उन्हाळ्यात हेच महिन्यातून एकदा. तिसऱ्या उन्हाळ्यात बंद.

शेळ्या, वाळवी, वणवा

अंजनाचा पाला जनावरं आवडीने खातात. दुष्काळात तो चारा म्हणून ओरबाडला जातो तो उगाच नाही. एका शेळीला एका दुपारी शंभर कोवळे शेंडे संपवायला वेळ लागत नाही. एकरभर लागवड असेल तर एकेका झाडाला जाळी लावण्यापेक्षा गावाशी बोलून तीन वर्षं चराईबंदी करून घेणं स्वस्त आणि टिकाऊ. गवत कापून न्यायची मुभा द्या, म्हणजे बंदी पाळली जाते. सुट्या झाडांना बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, निदान सव्वा मीटर उंच. विदर्भात रोह्यांचा (नीलगायींचा) वावर असेल तिथे दीड मीटरच्या वर जा. ससे बुंधा कुरतडतात, त्यांच्यासाठी जाळीचा खालचा वीतभर भाग बारीक हवा.

वाळवी जिवंत, जोमदार रोपाला सहसा सोडते. तहानलेल्या किंवा जखमी रोपाच्या बुंध्यावर मातीचे पापुद्रे चढलेले दिसले तर ते पुसून काढा, आजूबाजूचा काडीकचरा उचला आणि मूठभर निंबोळी पेंड मातीत मिसळा.

गवत पिवळं पडायला लागलं की, म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात, लागवडीच्या कडेने तीन-चार मीटर रुंदीचा जाळपट्टा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, काढा. पट्ट्यातलं गवत कापून बाहेर न्या. शेजाऱ्याने बांध पेटवला आणि ठिणगी आली, हे दर वर्षी कुठे ना कुठे घडतंच. आगीत होरपळलेला अंजन बुंध्यातून पुन्हा फुटू शकतो, पण वाढीची वर्षं वाया जातात.

दुसरं वर्ष आणि पुढे

दुसऱ्या पावसाळ्यात एका जागी दोन किंवा तीन रोपं जगली असतील तर एकच ठेवा. जास्तीची उपटू नका. एकमेकांत गुंतलेल्या मुळ्यांनी ठेवायचं रोपही हलतं. ती जमिनीलगत कापा आणि पुन्हा फुटली तर पुन्हा कापा.

तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत खालच्या फांद्या छाटू नका. त्या खोडाला सावली देतात आणि खोड जाड करतात. शेंड्याला दोन फाटे फुटले असतील तर कमजोर फाटा जानेवारी-फेब्रुवारीत, पालवीच्या आधी, काढा. जमीन चांगली आणि राखण नीट असेल तर याच सुमारास झाड कमरेच्या वर सरकतं आणि वेग पकडतं. तोवर दर महिन्याला पट्टी लावून मोजण्यात अर्थ नाही.

चाऱ्यासाठी फांद्या तोडायच्या तर खोड निदान १५ सेंटिमीटर जाड होईपर्यंत थांबा. त्यानंतरही एका वेळी खालचा एक-तृतीयांश घेर, आणि एक वर्ष आड. दर वर्षी ओरबाडलेला अंजन जिवंत राहतो पण शेंगा धरत नाही, आणि मग पुढच्या पिढीला बी मिळत नाही. फांदी खोडाजवळ धारदार कोयत्याने, खालून आधी अर्धी चीर देऊन कापा. वरून एकाच घावात तोडली तर साल खोडावर सोलत जाते.

शेतात लावलेला अंजन सातबाऱ्यावर नोंदवून घ्या. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, ऐन यांच्याबरोबर अंजनही आहे, म्हणजे स्वतःच्या जमिनीतला असला तरी तो परवानगीशिवाय तोडता येत नाही. लाकूड इतकं जड की पाण्यात बुडतं. पूर्वी बैलगाड्या आणि शेतीच्या अवजारांसाठी ते वापरलं जायचं, आणि चोरीलाही ते जातं. झाडं कुठे, किती आणि कोणत्या वर्षी लावली याची नोंद पीकपाहणीच्या वेळी झालेली असेल तर पुढे परवानगी मागताना आणि चोरी झालीच तर तक्रार देताना, दोन्हीकडे तोच कागद लागतो.